हवेतील बुरशी आणि आपली जुनी वास्तू

॥ श्री ॥



गतवर्षीच्या पावसाळ्यात आपल्या मंदिराच्या सभामंडपातील उत्तरेकडील भिंतीवर काळे-हिरवट डाग उमटले, पोथ्यांच्या कपाटातून कुबट वास येऊ लागला आणि काही जुन्या पोथ्यांच्या कडांवर तपकिरी ठिपके दिसू लागले, हे अनेकांच्या पाहण्यात आलेच असेल. त्यावर उपाय म्हणून भाविकांकडून तीन सूचना विश्वस्त मंडळाकडे लेखी आल्या आहेत. भिंतींना टाइल्स बसवाव्यात, ही पहिली. भिंतींना व लाकडी खांबांना ऑइलपेंट द्यावा, ही दुसरी. गाभारा व पोथ्यांची खोली काचेने बंद करून तेथे एसी बसवावा, ही तिसरी. तिन्ही सूचनांमागील भाव शुद्ध आहे आणि काही दानशूर मंडळींनी खर्चाची तयारीही दर्शविली आहे. तथापि असा निर्णय एकदा झाला की तो सहजासहजी फिरविता येत नाही. मृग नक्षत्रापूर्वी होणाऱ्या सर्वसाधारण सभेत हा विषय येणार असल्याने, बुरशी म्हणजे काय, ती जुन्या वास्तूत का वाढते आणि इतरत्र अशा प्रसंगी काय घडले, याची माहिती सर्वांपुढे असावी या हेतूने प्रस्तुत लेख देत आहोत.

बुरशी म्हणजे काय?

सौंसर-पांढुर्णा परिसरातील संत्रा बागायतदारांना बुरशीची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. आंबिया बहाराची फळे पेटीत भरून ठेवली आणि त्यातील एखाद्या फळाला नख लागलेले असले, तर चार-आठ दिवसांत त्यावर प्रथम पांढरा आणि मग हिरवा थर येतो. त्या फळाला हात लागताच हिरवी पूड उडते. ही पूड म्हणजेच बुरशीचे बीजाणू. या बुरशीचे शास्त्रीय नाव पेनिसिलिअम डिजिटॅटम असे आहे. एका नासलेल्या फळावर असे कोट्यवधी बीजाणू तयार होतात.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्याच पेटीतील इतर फळांवरही हे बीजाणू पडलेलेच असतात; परंतु ज्या फळाची साल अखंड आहे त्यात ही बुरशी सहसा शिरू शकत नाही. जेथे साल फुटली आणि आतला ओलावा उघडा पडला, तेथेच ती रुजते. मंदिराच्या भिंतीचेही नेमके असेच आहे. या उदाहरणाकडे आपल्याला पुढे पुन्हा यावयाचे आहे.

बुरशी ही वनस्पती नव्हे व प्राणीही नव्हे; शास्त्रज्ञ तिची स्वतंत्र सृष्टी मानतात. वनस्पतीप्रमाणे सूर्यप्रकाशातून अन्न तयार करण्याची शक्ती तिच्यात नाही. म्हणून ती ज्यावर बसते त्यावरच पाचक रस सोडून ते विरघळविते व शोषून घेते. कागद, कापड, लाकूड, चामडे, खळ, डिंक, तेलाचा थर, फुलांच्या पाकळ्या, किंबहुना धुळीचा साधा पातळ पापुद्राही तिला पुरतो. दगड किंवा चुना तिला अन्न म्हणून उपयोगी पडत नाही. परंतु त्यावर बसलेली धूळ व तेल मात्र पडते. शिवाय बुरशी जी आम्ले सोडते त्यांनी चुना व दगड हळूहळू झिजतो.

हवेत ती कशी फिरते?

बहुतेक बीजाणूंचा आकार २ ते १० मायक्रॉन असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तीन मायक्रॉनचा बीजाणू अगदी स्थिर हवेत तासाला सुमारे एक मीटर एवढाच खाली येतो. म्हणजे दहा फूट उंचीवरून जमिनीवर येण्यास त्याला तीन तास लागतात. आणि तेवढ्यात कोणी दार उघडले, झाडू मारला किंवा पंखा लावला की तो पुन्हा वर जातो. त्यामुळे बीजाणू नाहीत अशी मोकळी हवा पृथ्वीवर जवळजवळ नाहीच.

हवेतील या सूक्ष्म सृष्टीचा अभ्यास आपल्या देशात फार पूर्वी झालेला आहे. डेव्हिड डग्लस कनिंगहॅम या डॉक्टरांनी कलकत्त्यातील तुरुंगांच्या आवारातील हवा यंत्राने गोळा करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली व आपली निरीक्षणे चित्रांसह १८७३ साली प्रसिद्ध केली. पुढे १९२८ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत असाच एक बीजाणू येऊन पडला आणि त्यातून पेनिसिलिनचा शोध लागला. हवेतील बुरशी म्हणजे केवळ अनिष्ट, असे समजण्याचे कारण नाही, हे यावरून दिसून येईल.

बीजाणू सर्वत्र, मग बुरशी सर्वत्र का नाही?

याचे उत्तर एका शब्दात द्यावयाचे तर ते आहे ‘पाणी’. बीजाणू महिनोन् महिने, काही तर वर्षानुवर्षे, कोरड्या धुळीत निपचित पडून राहतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारणतः ६५ ते ७० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली किंवा भिंतीत, कागदात ओल शिरली, म्हणजे ते अंकुरतात. २५ ते ३० अंश तापमान बहुतेक बुरशींना मानवते. आपल्याकडे आर्द्रा नक्षत्रापासून थेट हस्तापर्यंत हे दोन्ही योग जुळून येतात.

सापेक्ष आर्द्रता ही कल्पना थोडी समजून घेणे अगत्याचे आहे. गरम हवेत पाण्याची वाफ अधिक मावते, थंड हवेत कमी मावते. समजा, पावसाळ्यातील दुपारी बाहेरचे तापमान ३० अंश व आर्द्रता ७५ टक्के आहे. हीच हवा जाड भिंतींच्या, २६ अंश तापमानाच्या गाभाऱ्यात शिरली, तर तिच्यातील बाष्प तेवढेच राहूनही आर्द्रता सुमारे ९५ टक्के होते. आणि एखादी भिंत २४ अंशांवर असेल तर तीवर दव धरते. भिंतीला घाम फुटला असे आपण म्हणतो तो हाच. म्हणून पावसाळ्यात दारे-खिडक्या सताड उघडल्या की खोली वाळते, ही समजूत प्रत्येक वेळी खरी ठरत नाही. पाऊस उघडल्यावर, बाहेरची हवा कोरडी असताना त्या उघडणे हितकर.

यात गर्दीचीही भर पडते. श्वास व घाम मिळून एक माणूस तासाला साधारण ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. शंभर श्रोते दोन तास कीर्तनाला बसले तर सुमारे १० लिटर पाणी सभामंडपाच्या हवेत मिसळते. ओल्या छत्र्या, भिजलेली वस्त्रे, अभिषेकाचे पाणी आणि फरशी पुसल्याचे पाणी यांचा हिशेब वेगळाच.

अजिंठ्याचा धडा

जुन्या वास्तू व हवेतील बुरशी यांचा विचार करताना आपल्या भाषेच्या मुलखातील सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे अजिंठ्याची लेणी. वाघोरा नदीच्या वळणावरील ही बौद्ध लेणी सुमारे इ. स. पूर्व दुसऱ्या शतकापासून इ. स. पाचव्या शतकापर्यंतची आहेत. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ती पडली आणि बाहेरच्या जगाला त्यांची माहिती झाली. १९८३ साली त्यांचा समावेश जागतिक वारसास्थळांत झाला.

तेथील चित्रे नुसत्या दगडावर काढलेली नाहीत. खडकावर मातीचा गिलावा, त्यात भाताचे तूस, गवत व वनस्पतींचे तंतू, वर पातळ पांढरा थर आणि त्यावर डिंकासारख्या द्रव्यात कालवलेले रंग, अशी त्यांची घडण आहे. म्हणजे कीटक व बुरशी यांना खाद्य ठरणारे पदार्थ भिंतीतच आहेत. जंगलात शतकानुशतके ही लेणी पडून असताना वटवाघळांचा वावर, पावसाची झिरप आणि किडे यांनी चित्रांची बरीच हानी केली.

परंतु चित्रे वाचविण्यासाठी केलेले उपायही पुढे त्रासदायक ठरले, हा आपल्यासाठी महत्त्वाचा भाग आहे. १८४४ पासून रॉबर्ट गिल यांनी आणि १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह चित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या. रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींवर वॉर्निश लावले गेले. दुर्दैवाने गिल यांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये व ग्रिफिथ्स यांच्या अनेक प्रतिकृती १८८५ मध्ये इंग्लंडमधील आगींत नष्ट झाल्या. पुढे १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने लोरेन्झो सेक्कोनी व काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. त्यांनी सुटणारा गिलावा घट्ट बसविला, हे त्यांचे मोठे उपकार आहेत; मात्र चित्रांवर लाखेचा लेपही दिला गेला. लाखेचा हा थर काळाने पिवळट-तपकिरी झाला, त्याखाली धूळ व काजळी अडकली आणि भिंतीचा श्वास कोंडला. स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना हे थर इंच इंच करून काढावे लागले. त्या काळच्या उत्तम जाणकारांनी, उत्तम हेतूने केलेला उपाय दोन पिढ्यांनी काढून टाकावा लागला, ही गोष्ट ऑइलपेंटचा विचार करताना सभासदांनी अवश्य ध्यानी घ्यावी.

लेण्यांतील हवेकडे लक्ष वेधण्याचे श्रेय मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एस. टी. टिळक यांच्याकडे जाते. हवेतील बीजाणू सतत टिपून घेणारे एक यंत्र त्यांनी व आर. एल. कुलकर्णी यांनी तयार केले व १९७० साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. ‘टिळक एअर सॅम्पलर’ या नावाने ते देशभर ओळखले जाते. हे विजेवर चालणारे यंत्र मिनिटाला ५ लिटर हवा ओढून घेते. आतील फिरत्या ढोलावर चिकट पट्टी असते, तीवर बीजाणू चिकटतात व आठ दिवसांचा सलग हिशेब मिळतो. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणत्या जातीचे बीजाणू किती होते, हे ती पट्टी कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथील लेण्यांच्या आतील व बाहेरील हवेची तुलना करणारा त्यांचा लेख १९७२ साली प्रसिद्ध झाला. डाग पडल्यावर भिंत तपासण्यापेक्षा डाग पडण्यापूर्वी हवा तपासावी, हा विचार त्यामुळे आपल्याकडे रुजला.

याच परिसरातील आणखी एक संशोधन उद्बोधक आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले. अजिंठ्यात ते नाहीत. आणि अजिंठ्याच्या चित्रांचे कीटकांनी जेवढे नुकसान केले तेवढे वेरूळला झालेले नाही. आपल्या पूर्वजांना द्रव्यांची केवढी जाण होती, हे यावरून दिसते.

आज अजिंठ्याला खाजगी वाहने काही अंतरावरच थांबविली जातात, चित्रे असलेल्या लेण्यांत एका वेळी मोजक्याच लोकांना सोडतात, पादत्राणे बाहेर ठेवावी लागतात आणि मंद दिवे वापरतात. या सर्वांचा हेतू धूळ, उष्णता व श्वासातील बाष्प कमी करणे हाच आहे.

लास्कोची गुहा : यंत्राने ओढवलेले संकट

फ्रान्समधील लास्को येथे १९४० साली काही मुलांना एक गुहा सापडली. तीत हजारो वर्षांपूर्वीची, आदिमानवाने रंगविलेली बैल-घोड्यांची चित्रे आहेत. १९४८ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली व दररोज हजाराहून अधिक प्रेक्षक येऊ लागले. श्वासातील बाष्प, दिवे आणि पायांबरोबर येणारी माती यांमुळे भिंतींवर हिरवे शेवाळ धरले. अखेर १९६३ साली गुहा लोकांसाठी बंद करण्यात आली. १९८३ मध्ये जवळच तिची हुबेहूब प्रतिकृती करून ती दाखविण्यास प्रारंभ झाला.

एवढे होऊनही संकट टळले नाही. २०००-०१ च्या सुमारास गुहेतील हवा नियंत्रित करणारी जुनी यंत्रणा काढून नवी बसविण्यात आली आणि २००१ मध्ये फ्युझेरिअम सोलानी नावाची पांढरी बुरशी भिंती व जमिनीवर झपाट्याने पसरली. जमिनीवर चुनकळी पसरली, बुरशीनाशके व प्रतिजैविके वापरली. पांढरी बुरशी ओसरली. पण पुढील वर्षांत काळ्या बुरशीचे डाग दिसू लागले. औषधाने काही जाती मेल्या व त्यांची जागा त्या औषधाला न जुमानणाऱ्या जातींनी घेतली, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे.

जगातील एका संपन्न देशाचे सरकार व नामांकित शास्त्रज्ञ हाताशी असतानाही असे घडले. मग गाभाऱ्यात दिवसा चार तास चालणारे व वीज गेली की बंद पडणारे यंत्र काय करील, याचा विचार व्हावा.

प्रत्येक डाग जिवंत नसतो

याच्या उलट एक उदाहरण इजिप्तमधील आहे. तुतनखामेन राजाच्या थडग्यातील भिंतींवर तपकिरी ठिपके आहेत. १९२३ साली या शोधकार्याचे आश्रयदाते लॉर्ड कार्नार्व्हन यांचे निधन झाले, तेव्हा शापाच्या अनेक कथा पसरल्या. वस्तुतः डास चावून झालेली जखम चिघळून ते दगावले. अमेरिकेतील गेटी संवर्धन संस्थेने अनेक वर्षे अभ्यास केला व १९२० च्या दशकातील छायाचित्रांशी आजचे ठिपके ताडून पाहिले. ते वाढलेले नव्हते. ती बुरशी केव्हाच मेली होती. ठिपके रंगाच्या आत मुरलेले असल्याने ते खरवडण्याचा प्रयत्नही कोणी केला नाही.

यातून घ्यावयाचा बोध असा की, डाग दिसताच घासू नये. आधी त्याचे छायाचित्र घ्यावे, बाजूला मोजपट्टी धरावी, तारीख टिपावी आणि महिन्याने पुन्हा पाहावे. वाढत असेल तर ओल कोठून येते ते शोधावे. तसेच भिंतीवर उमटलेल्या डागाच्या आकारात शुभ वा अशुभ संकेत पाहून कोणी अफवा पसरवू नये, अशी नम्र विनंती आहे.

पोथ्यांची निगा

आपल्या भागातील घराघरांत व मठ-मंदिरांत जुन्या पोथ्या आहेत. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे तर महानुभाव पंथाचे पीठ. तेथेच म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र सिद्ध केले. पोथी लिहून झाल्यावर लेखनिक शेवटी विनंती करीत असत की, हिला तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून जपा. आजचे संवर्धक याहून वेगळे काही सांगत नाहीत. तेल म्हणजे बुरशीचे अन्न, पाणी म्हणजे तिचे जीवन आणि सैल बांधणी म्हणजे धुळीला व बीजाणूंना मोकळी वाट.

जुन्या कागदाला कीड लागू नये म्हणून हरताळ लावीत. चुकलेले अक्षरही हरताळाने पुशीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. परंतु हरताळ हे सोमलाचे, म्हणजे आर्सेनिकचे संयुग आहे. म्हणून पिवळ्या कागदाची पोथी हाताळल्यावर हात धुवावेत आणि बोटाला थुंकी लावून पान उलटण्याची सवय सोडावी. थुंकीने बुरशीलाही ओलावा मिळतो, हे वेगळे सांगणे नको.

डांबरगोळ्यांनी काही किडे दूर राहतात, बुरशी मात्र मरत नाही. ओल्या फडक्याने पान पुसणे तर सर्वांत घातक. बुरशी धरलेली पोथी आधी वेगळी काढावी, वाऱ्याच्या सावलीत कोरडी होऊ द्यावी आणि नंतर मऊ ब्रशने, मोकळ्या जागी, तोंडाला मास्क लावून हलकेच झाडावी. कडक उन्हात तासन् तास ठेवल्यास शाई फिकी पडते व कागद ठिसूळ होतो. लाल सुती बासनात, दोन लाकडी फळ्यांमध्ये घट्ट बांधून ठेवण्याची जुनी रीत उत्तम होय. कपाट भिंतीला टेकवू नये, चार बोटे अंतर ठेवावे.

ज्यांच्या घरी जुनी हस्तलिखिते असतील त्यांच्यासाठी आणखी एक माहिती. केंद्र शासनाने २००३ साली राष्ट्रीय हस्तलिखित अभियान सुरू केले आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ अभियानाची घोषणा केली. हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी व जतन हा त्याचा उद्देश आहे. लखनौ येथे १९७६ पासून सांस्कृतिक संपदेच्या संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळाही आहे.

आरोग्याविषयी

भिंतीवरील काळा डाग पाहून काही भाविकांनी ‘काळी बुरशी’ आली काय, अशी भीती व्यक्त केली. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ज्या म्युकरमायकोसिसने अनेकांचे डोळे व प्राण घेतले, त्याची आठवण ताजी असल्याने ही भीती स्वाभाविक आहे. तथापि ओल्या भिंतीवर काळा डाग दिसणे आणि तो आजार होणे या भिन्न गोष्टी आहेत. भिंतीवरील काळेपणा बहुधा क्लॅडोस्पोरिअम, अस्परजिलस नायजर अशा बुरशींचा असतो. म्युकरमायकोसिसला कारण होणाऱ्या बुरशी माती, खत व कुजक्या पदार्थांत नेहमीच असतात. अनियंत्रित मधुमेह, स्टिरॉइडचा मारा किंवा खालावलेली प्रतिकारशक्ती असेल तरच त्या बहुधा घात करतात. हा आजार एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही.

असे असले तरी दुर्लक्षही योग्य नव्हे. बीजाणू श्वासात गेल्याने शिंका, नाक वाहणे, खोकला होतो व दम्याच्या रुग्णांचा दमा बळावतो. पुजारी, सेवेकरी व पारायणास बसणारे वृद्ध यांचा वेळ याच हवेत जातो. निर्माल्य कुजताना अस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीचे बीजाणू मोठ्या प्रमाणात उडतात व ते दुबळ्या फुप्फुसांना अपायकारक ठरतात. ज्यांना दमा आहे, साखर काबूत नाही किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी बुरशी झाडण्याच्या सेवेत भाग घेऊ नये.

तीन सूचनांचा विचार

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या भिंती वीट, माती व चुन्याच्या आहेत. अशी भिंत जमिनीतून पाणी शोषते व पृष्ठभागातून ते वाफेच्या रूपाने बाहेर टाकते. तीवर टाइल्स लावल्या की डाग झाकले जातील. पण पाण्याची वाट बंद झाल्याने ओल आणखी वर चढेल, गिलावा आतून सुटेल व खांबांच्या तळाशी लाकूड कुजेल. ऑइलपेंटचे तेच. तो काही महिने सुंदर दिसेल, नंतर फुगून पापुद्रे निघतील आणि त्यामागे बुरशीला अंधार, ओल व अन्न तिन्ही मिळेल.

चुन्याची सफेदी मात्र भिंतीला श्वास घेऊ देते. ताजा चुना अत्यंत अल्कधर्मी असल्याने बुरशी त्यावर तग धरीत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे हा गुण हळूहळू कमी होतो, म्हणूनच दरवर्षी दिवाळीपूर्वी सफेदी करण्याची प्रथा होती.

एसीविषयी म्हणावयाचे तर, संग्रहालयांत तो उपयुक्त ठरतो तो अहोरात्र चालतो म्हणून. काही तास चालवून बंद केल्यास भिंती थंड राहतात, दार उघडताच बाहेरची दमट हवा आत येते आणि वर सांगितल्याप्रमाणे दव धरते. लाकूड आकुंचन-प्रसरण पावून चिरते. यंत्राची जाळी व पाण्याची थाळी साफ न केल्यास बुरशीचे तेच एक नवे घर होते.

संत्र्याच्या उदाहरणाप्रमाणे, आपल्याला बीजाणू संपवावयाचे नाहीत, ते शक्यही नाही. साल कोठे फुटली आहे ते शोधावयाचे आहे. उत्तरेच्या भिंतीला ऊन मिळत नाही आणि छपराचे पाणी थेट तिच्या पायाशी पडते. साल तेथे फुटली आहे. म्हणून विश्वस्त मंडळ सभेपुढे पुढील प्रस्ताव मांडणार आहे :

१) मृगापूर्वी छपराची कौले चाळणे, पन्हळ बसविणे व पाणी भिंतीपासून दूर नेणारी नाली बांधणे.
२) उत्तरेच्या भिंतीचा सुटलेला गिलावा काढून चुन्याचाच गिलावा व सफेदी करणे.
३) गाभारा, सभामंडप व पोथ्यांच्या खोलीत एक-एक आर्द्रतामापक लावून सकाळ-सायंकाळ नोंद ठेवणे.
४) महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या साहाय्याने वर्षातून तीनदा हवेची तपासणी करून घेणे. बटाट्याचा काढा, साखर व आगर घातलेल्या बशा दहा मिनिटे उघड्या ठेवून आठवड्याने त्यातील बुरशी मोजणे, ही साधी व अल्पखर्चाची पद्धत आहे. तिने सर्व बीजाणू मोजले जात नाहीत, परंतु ऋतूऋतूंची तुलना करता येते.
५) टाइल्स व एसीसाठी देऊ केलेला निधी, दात्यांची संमती असल्यास, वरील कामांकडे वळविणे.

भाविकांनी पुढील गोष्टी पाळून सहकार्य करावे, ही विनंती. ओल्या छत्र्या व रेनकोट बाहेरील ओट्यावर ठेवावेत. भिंती व खांबांना तेल, शेंदूर, कुंकवाचे हात लावू नयेत. नारळ बाहेरील ठरलेल्या जागीच फोडावा. निर्माल्य दररोज सायंकाळी कुंडीत टाकावे, कोपऱ्यात साचू देऊ नये. कोरड्या झाडूऐवजी किंचित दमट, घट्ट पिळलेल्या फडक्याने फरशी पुसावी. अर्पण केलेली वस्त्रे पूर्ण वाळल्याशिवाय पेटीत ठेवू नयेत. श्रावणातील पारायणासाठी नित्य वापराच्या छापील पोथ्या घ्याव्यात. जुन्या हस्तलिखितांचे दर्शन दसऱ्याला, पाऊस सरल्यावर घडविले जाईल.

आपल्या पूर्वजांनी ही वास्तू कोणत्याही यंत्राविना जपली, ती छपराची, चुन्याची व पाण्याच्या निचऱ्याची वेळच्या वेळी काळजी घेऊन. तीच काळजी आपण आजच्या ज्ञानाची जोड देऊन घेऊ या. सभासदांनी सर्वसाधारण सभेस अवश्य उपस्थित राहावे व आपले मत मांडावे. ज्यांना या विषयातील अनुभव आहे, विशेषतः चुन्याचे काम जाणणारे गवंडी ज्यांच्या माहितीत आहेत, त्यांनी मंदिर कार्यालयात अगत्याने कळवावे.

आपला नम्र,
सचिव, विश्वस्त मंडळ
सौंसर, जि. पांढुर्णा (म. प्र.)